पहिला तंबोरा घेताना

तासगावात मी गेली अनेक वर्षं मुलांना गाणं शिकवते. द्राक्षांचा हंगाम संपला, बेदाण्याचे पैसे हातात आले, की एक प्रश्न ठरलेला असतो. वर्गातल्या एखाद्या मुलीचे वडील दारात येऊन विचारतात, "बाई, पोरगी गाणं मनावर घ्यायला लागलीय. एक तंबोरा घिऊन टाकू काय?" कुणी गिटारचं विचारतं, कुणी पेटीचं. प्रश्न चांगला आहे, पण त्याचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून आज ते सविस्तर सांगते.

एका बाबतीत आपण तासगावकर भाग्यवान आहोत. देशभरातले गवई जिथे तंबोरा घ्यायला येतात ते मिरज आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. शिकलगार मंडळींचा मूळ धंदा हत्यारं बनवण्याचा आणि त्यांना धार लावण्याचा. संस्थानी काळ ओसरू लागला, तलवारींचं गिऱ्हाईक कमी झालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या कामाकडे वळले आणि पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिष्य घडवले. त्यांतले एक विष्णु दिगंबर पलुसकर. हे आडनाव आपल्या शेजारच्या पलूसवरून आलेलं. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलानं पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबही मिरजेलाच स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसाला तिथे गाण्याची हजेरी लागते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरजेच्या नावावर भलतीकडचा माल खपवणाऱ्यांना त्यामुळे आळा घालता येतो. पण मानांकन मालाचं असतं, तुमच्या मुलीच्या गळ्याचं नसतं. मिरजेचा उत्तम तंबोराही चुकीच्या गळ्याशी जोडला, तर तो निरुपयोगी ठरतो. माझ्या बोलण्याचा सगळा रोख यावरच आहे.

आधी तंबोरा करतो काय ते पाहू. गिटारीवर किंवा सतारीवर गाणं वाजवता येतं. तंबोऱ्यावर नाही. त्याला पडदे नाहीत, बोटं दाबायची नाहीत. चार तारा एकामागून एक छेडायच्या, एवढंच. पहिली तार बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या आणि चौथी जाड पितळी तार खर्जाची. या तारांनी तयार केलेल्या स्वरात गाणारा उभा असतो. घर बांधताना गवंडी ओळंबा लावतो ना, तसा हा गाण्याचा ओळंबा. ओळंबाच तिरका असेल, तर भिंत सरळ येणार कुठून?

म्हणूनच माझं पहिलं सांगणं ऐकून पालकांचा जरा हिरमोड होतो. पहिल्या वर्षी तंबोरा घेऊ नका. ज्याला तंबोरा जुळवता येत नाही त्याच्या घरी तो चार दिवसांत उतरतो आणि मूल रोज बेसूर तंबोऱ्यावर गात राहतं. त्यापेक्षा सुरात असलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा बरा. मोबाइलवरचा तंबोराही सुरुवातीला चालतो. मात्र त्याचा आवाज छोट्या स्पीकरमधून न ऐकता जरा मोठ्या स्पीकरला जोडून ऐकावा, नाहीतर खर्ज ऐकूच येत नाही. वर्षभरात मुलाला षड्ज ओळखता यायला लागला, तार चढली की उतरली हे सांगता यायला लागलं, की मग मिरजेचा रस्ता धरावा.

दुसरी गोष्ट पट्टीची. प्रत्येक गळ्याचा षड्ज वेगळा. पुरुषांचा साधारण काळी एक ते काळी दोनच्या आसपास, बायकांचा आणि मुलांचा बराच वर, बहुधा काळी चार, काळी पाचच्या जवळपास. पेटीवर हे घरीही तपासता येतं. ज्या स्वराला सा मानल्यावर खाली मंद्र पंचमापर्यंत आवाज न घोगरता जातो आणि वर तार मध्यम-पंचमापर्यंत न किंचाळता पोचतो, तो आपला सा. एका दिवसात ठरवू नये. सकाळी, संध्याकाळी, आठवडाभर गाऊन पाहावं आणि गुरूंना विचारावं.

तंबोऱ्याचा आकार या पट्टीवरून ठरतो. पुरुषांचा तंबोरा साधारण पाच फूट लांब, भोपळा मोठा. बायकांचा त्याहून आखूड, साधारण चार ते साडेचार फुटांचा. वाद्यांच्या साथीला याहून लहान तंबोरी असते. तारेची लांबी, जाडी आणि ताण यांचा मेळ बसला तरच ती गोड बोलते.

माझ्या वर्गात तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या वडिलांनी हौसेनं पाच फुटी तंबोरा आणला. त्यांचा हिशेब शाळेच्या गणवेशाचा होता. पोर वाढतीय, एक नंबर मोठाच घ्यावा, पुढं उपयोगी पडेल. तंबोरा उत्तम होता, पण तो काळी एकला बोलणारा. मुलीच्या काळी चारला चढवला, की तारा तुटायच्या. बारीक तारा घातल्या, तर आवाज चिरका यायचा. शेवटी घरात कुणीतरी तो खालीच जुळवून दिला आणि पोर त्यावर रियाज करू लागली. खालचे स्वर लागत नव्हते, तर ती गळा दाबून लावायची. दोन-तीन महिन्यांत तिचा आवाज बसायला लागला. वडिलांना वाटलं, पोरीला गाणं जमत नाही. गाणं बंद करण्यापर्यंत गोष्ट आली होती. दोष गळ्याचाही नव्हता आणि वाद्याचाही नव्हता, जोडीच चुकली होती. मिरजेच्या एका कारागिरानं तो मोठा तंबोरा परत घेतला, वरचा फरक धरून लहान दिला. मुलगी आज गाते. पण सगळ्याच मुलींना असा बदलून देणारा कारागीर भेटत नाही.

मुलग्यांच्या पालकांना आणखी एक सूचना. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाचा आवाज फुटतो आणि बराच खाली उतरतो. दहा वर्षांच्या मुलासाठी आज योग्य असलेला तंबोरा तो कॉलेजात जाईपर्यंत कामाचा राहत नाही. आवाज ठरेपर्यंत थांबावं, इलेक्ट्रॉनिकवर भागवावं. मुलींचा आवाजही या वयात थोडा उतरतो, पण फरक कमी असतो.

आता प्रत्यक्ष खरेदी. दिवसाउजेडी जावं, मुलीला बरोबर न्यावं आणि जमलं तर तिच्या गुरूंनाही.

पहिल्यांदा भोपळा पाहावा. हा भाजीचा भोपळा नव्हे. जाड सालीचा कडू भोपळा, सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरकडे भीमेच्या पट्ट्यात पिकवतात. तो वाळायला वेळ द्यावा लागतो. बेदाणा घाईनं काढला की काय होतं हे तासगावकरांना मी सांगायला नको. अर्धवट वाळलेला भोपळा पुढे आक्रसतो, तडकतो. बोटाच्या पेरानं सगळीकडे हलकेच वाजवून बघावं. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर तिथे भेग बुजवलेली असू शकते किंवा कीड लागलेली असू शकते. रंगाखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं.

मग दांडी. ती बहुधा तुणाच्या लाकडाची असते. तंबोरा आडवा धरून एका टोकाकडून डोळा लावून पाहावं. दांडी बाकलेली नको. दांडी भोपळ्याला जिथे मिळते तो गळा नीट पाहावा, सांध्यात फट नको. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, घोडीखाली खचलेली नको. खुंट्या फिरवून बघाव्यात. फिरताना अडकायला नकोत आणि सोडल्यावर आपोआप मागे सरकायला नकोत. तारांवरचे मणी सहज वर-खाली व्हायला हवेत, बारीक जुळवणी त्यांच्यावरच होते.

सगळ्यात महत्त्वाची जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसला, तरी त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार हलताना त्या उताराला घासून जाते आणि तिथेच कारागीर तारेखाली सुताचा दोरा सरकवून ठेवतो. त्यामुळे एका तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर फुलून येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच गोष्टीवर निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडावी त्या जागेशी संबंधित काही वरचे स्वर शास्त्राप्रमाणे उमटायला नकोत. तंबोऱ्याच्या घोडीमुळे मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. जे आपले कारागीर कानशीनं घासून साधत होते, त्याचं शास्त्र असं पुढे आलं.

दुकानात हे कसं ओळखायचं? कारागिराला तंबोरा आपल्या पट्टीत जुळवायला सांगावा. एक एक तार सुटी छेडून ऐकावी. चारही तारांची गुंज सारखी हवी. एक झणझणते आणि दुसरी मुकी, असं नको. मग खर्ज छेडून गप्प बसावं. चांगल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून हळूहळू गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यानंतर चहा घेऊन यावं. अर्ध्या तासानं परत छेडावा. तेवढ्यात फारच उतरला असेल, तर खुंट्या किंवा नव्या तारा यांबद्दल विचारावं. शेवटी मुलीला त्यावर गाऊ द्यावं. तिचा हात तारांवर सहज पोचतो का, मांडी घालून बसल्यावर दांडी खांद्याशी नीट येते का, हे पाहावं. तंबोरा धरताना ज्याचा खांदा दुखतो त्याचा रियाज लवकर आटोपतो.

पैशांबद्दल. चांगल्या तंबोऱ्याची रक्कम पाच आकडी होते आणि शेतकऱ्याच्या घरात ती विचार करूनच निघते. म्हणून लक्षात ठेवा, भोपळ्यावरची पानं, दांडीवरची नक्षी, पांढऱ्या पट्ट्या यांनी किंमत वाढते, आवाज वाढत नाही. पहिला तंबोरा साधा घ्यावा आणि वाचलेले पैसे गवसणीला, जास्तीच्या तारांना आणि पुढच्या जवारीला ठेवावेत. जुना तंबोराही चांगला. वाळून स्थिरावलेलं लाकूड नव्यापेक्षा सरस बोलू शकतं. फक्त भेगा आणि सांधे दुप्पट काळजीनं पाहावेत. जुन्या तंबोऱ्यावर हस्तिदंताचं काम असेल, तर तो विकत घेऊ नये. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला कायद्यानं बंदी आहे.

गिटार घेणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. तिथेही गणवेशाचा हिशेब नको. लहान मुलाला तीन चतुर्थांश आकाराची गिटार मिळते, तीच घ्यावी. नव्या बोटांना नायलॉनच्या तारा सोप्या, पोलादी तारा जास्त रुततात. पोलादी तारांसाठी बनवलेल्या गिटारीवर नायलॉनच्या चढवून चालत नाही, हे घेतानाच ठरवावं. तारा पट्टीपासून फार उंच असतील, तर दाबताना बोटं सोलवटतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. पोराला चिकाटी नाही, असं मग आपण म्हणतो. ते म्हणण्याआधी तारांची उंची बघावी.

घरी आणल्यावर तंबोरा उन्हाच्या झोतात किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. आपल्याकडचा मार्च-एप्रिलचा कोरडा उन्हाळाही त्याला बाधतो. प्रवासात तारा थोड्या सैल कराव्यात, गवसणी घालावी आणि एसटीच्या टपावर किंवा सामानाखाली देऊ नये. रोज वापर असेल, तर तारा घोडीवर चरे पाडतात आणि गुंज कमी होते. मग जवारी नव्यानं काढून घ्यावी लागते. ते काम ऐकून शिकलेल्या हातांचं आहे. गल्लीतल्या सुताराकडून ते करून घेऊ नये.

हे हात आता कमी होत चालले आहेत. मोबाइलमधला तंबोरा फुकट मिळतो, त्यामुळे नवी पोरं या धंद्यात यायला कचरतात. मी स्वतः सुरुवातीला तोच वापरा म्हणून सांगितलं, त्यात विरोध नाही. पण ज्याचा सा पक्का झाला त्यानं पुढे खऱ्या तंबोऱ्याशीच बसावं. यंत्र जुळवावं लागत नाही, म्हणून ते कानाला शिकवतही नाही. तंबोरा रोज जुळवावा लागतो आणि ती दहा मिनिटं हाच पहिला रियाज असतो.

तेव्हा यंदा बेदाण्याचे पैसे आले, तर घाई करू नका. आधी मुलीला विचारा, तुझा सा कुठला? तिनं न चाचरता गाऊन दाखवला, की तिला घेऊन मिरजेला जा.