करंगळीवरची शाई

क्लबात जाऊन तुम्हाला मिळतं काय, असं लोक मला विचारतात. पल्स पोलिओच्या रविवारी एकदा बूथवर बसून पाहा! रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओविरुद्ध जगभर मोहीम उघडली. आपल्याकडे डोस सरकारी. पण बूथ सांभाळायला, दारोदार समजूत घालायला माणसं हवीत, त्यात क्लबांनी हात दिला. दोन थेंब पाजायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची. पोर रडतं, आई हसते; एवढीच पावती. यातलं कोणतं मूल आपल्या थेंबांनी वाचलं, ते कधीच कळत नाही. पाटीवर नाव कोरून घेणाऱ्यांना हे जरा जड जातं. वन्य पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. आमच्या बूथवरची तेव्हाची पोरं आता कॉलेजात जातात. रस्त्यात भेटली तरी ती आम्हाला ओळखत नाहीत, आम्ही त्यांना.