दुधाचा प्रयोग आणि शिक्षकांची दया

एखादी नवी योजना मुलांना हितकर आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कसें? जीं मुलें तिचा लाभ घेतात तीं पुढें सुधारलीं, एवढ्यानें तें सिद्ध होत नाहीं. कारण वाढत्या वयाचीं मुलें योजनेवांचूनहि वाढतच असतात. म्हणून लाभ मिळालेल्या व न मिळालेल्या अशा दोन गटांची तुलना करावी लागते, आणि ते गट आरंभीं सारखे असावे लागतात. हा सारखेपणा किती नाजूक असतो, हें स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यांत १९३० सालीं झालेल्या एका प्रयोगावरून चांगलें कळतें.

फेब्रुवारी ते जून या चार महिन्यांत तेथील ६७ शाळांतील सुमारें २०,००० मुलें या प्रयोगांत होतीं. त्यांपैकीं १०,००० मुलांना शाळेंत रोज पाऊण पाइंट दूध मिळे. निम्म्यांना कच्चें व निम्म्यांना पाश्चरीकरण केलेलें. उरलेल्या १०,००० मुलांना दूध न देतां केवळ मोजण्यांत आलें. दूध पिणाऱ्यांचें वजन व उंची अधिक वाढली, असा निष्कर्ष निघाला.

१९३१ सालीं, 'स्टूडंट' या टोपण नांवानें लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनीं या निष्कर्षाची परीक्षा केली. मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून किंवा अक्षरक्रमानें व्हावयाची होती. परंतु एखाद्या गटांत धष्टपुष्ट अथवा रोडक्या मुलांचा भरणा अधिक वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा होती. तेथेंच घोटाळा झाला. समोर दूध असतां उपाशी, फिकट चेहऱ्याच्या मुलास तें नाकारणें कोणत्या शिक्षकास रुचेल? परिणाम असा कीं, दूध न मिळणारीं मुलें आरंभींच वजनानें सुमारें तीन महिन्यांच्या व उंचीनें चार महिन्यांच्या वाढीइतकीं पुढें होतीं.

शिवाय वजन कपड्यांसह घेतलें होतें. सुखवस्तु घरचीं मुलें फेब्रुवारींत जाड कपडे घालीत व जूनमध्यें हलके. म्हणून त्यांची खरी वाढ कांहीं अंशीं झांकली गेली. गरीब मुलांच्या कपड्यांत तेवढा फरक पडण्यासारखा नव्हता. अर्थात् काट्यावर दिसलेला फरक कितपत दुधाचा व कितपत कपड्यांचा, हें सांगणें कठीण झालें. त्यांतच प्रत्येक शाळेस एकाच प्रकारचें दूध दिल्यामुळें कच्चें बरें कीं पाश्चरीकृत, हाहि प्रश्न नीट सुटला नाहीं.

गॉसेट यांनीं सुचविलें कीं, एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्याव्या आणि कोणास दूध द्यावयाचें तें नाणें उडवून ठरवावें. वीस हजारांच्या संख्येपेक्षां ही लहानशी तुलना अधिक विश्वसनीय ठरली असती. कारण निवडींतील दोष मुलांची संख्या वाढविल्यानें नाहींसा होत नाहीं.

यावरून शिक्षकांनीं कठोर व्हावें, असें मुळींच नाहीं. ज्या मुलाची निकड डोळ्यांना दिसते, त्यास दूध अवश्य द्यावें. मात्र त्याला तुलनेच्या गणतींत धरूं नये. बाकीच्यांची वांटणी चिठ्ठीवर सोंपवावी. नवी अध्यापनपद्धति, नवें पाठ्यपुस्तक किंवा जादा तास, यांची परीक्षाहि अशीच करावयास हवी. उत्साही शिक्षकानें निवडलेला वर्ग पुढें गेला, तर श्रेय पद्धतीचें कीं निवडीचें, हें मागाहून कोणासहि सांगतां येत नाहीं. आणि त्या संशयित पुराव्यावर मग हजारों मुलांचीं वर्षें खर्ची पडतात.