सहाव्या वर्षीचा सहावा दात

घडण देहाची : भाग ९

तेरच्या मातीत सापडलेली एक हस्तिदंती बाहुली प्रसिद्ध आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली तिच्यासारखीच एक मूर्ती निघाली. ग्रीक खलाशांना 'तगर' म्हणून ठाऊक असलेल्या या तेरणाकाठच्या गावाचा माल किती लांब जात होता, याची चर्चा निघाली की या दोन बाहुल्यांचं नाव येतंच. मला त्या बाहुलीत आणखी एक गोष्ट दिसते. ती एका दातावर कोरली आहे. हत्तीचा सुळा आपण म्हणतो, पण तो खरं तर वरच्या जबड्यातला पटाशीचा दात. हस्तिदंत म्हणजे मुख्यतः डेंटिन, आणि डेंटिन तुमच्या-माझ्या प्रत्येक दातात, वरच्या पांढऱ्या कवचाखाली असतं.

गेल्या आठवड्यात बाळाची टाळू कशी भरते ते पाहिलं. दातांची गोष्ट तिच्याही आधी सुरू होते. गर्भ जेमतेम सहा आठवड्यांचा असताना जबड्याच्या जागी दातांचे कोंब धरू लागतात. चौथ्या महिन्यात त्यांत चुना साठायला लागतो. बाळ बोळकं घेऊन जन्मतं खरं, पण हिरडीखाली वीसही दुधाचे दात अर्धेमुर्धे घडलेले असतात.

हे घडणं समजायला तेरच बरं, कारण ते गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. चाकावर असेतो मडक्याला हवा तो आकार देता येतो. आव्यातून भाजून निघालं की संपलं, चीर गेली तर कुंभारालाही ती सांधता येत नाही. दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, अगदी तसंच. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येता नष्ट होतात. मोडलेलं हाड जुळून येतं, कापलेली कातडी भरते, इनॅमल पुन्हा कधीच उगवत नाही.

त्यामुळे घडताना जे भोगलं, ते दातावर कायमचं उमटून राहतं. जन्माचा क्षणसुद्धा दुधाच्या दातांच्या इनॅमलमध्ये एका सूक्ष्म रेषेने नोंदलेला असतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची बालकांची दफनं सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात मूल ठेवलेलं, आणि तेही घराच्या जमिनीखाली. ती मुलं किती महिन्यांची होती, हे जबड्यातल्या दातांच्या वाढीवरून ठरवता आलं. काहींच्या इनॅमलवर खळगेही होते. घडणीच्या दिवसांत आजारपण किंवा उपासमार झाली की असे खळगे राहतात. त्या आयांनी काय सोसलं असेल, हे त्या इवल्या दातांवरून कळतं, आणि मन गलबलतं.

सहसा सहाव्या ते दहाव्या महिन्यात खालचे मधले दोन दात दिसतात, मग वरचे. क्वचित वरचे आधी येतात आणि 'मामाच्या मुळावर' म्हणून घर धास्तावतं. क्रमातला हा फरक अगदी निरुपद्रवी आहे, मामाला सुखाने झोपू द्या. दुसरी समजूत मात्र घातक ठरू शकते. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिर करतं. पण जोराचा ताप आणि जुलाब 'दातांचे' म्हणून सोडून देऊ नयेत. बाळ दिसेल ते तोंडात घालतं, त्यातून जंतू पोटात जातात. क्षारसंजीवनी द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

अडीच-तीन वर्षांत वीस दात पुरे होतात. पुढे खालून पक्का दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं. म्हणून माळवदावर फेकायला मुलाने हातात घेतलेल्या दाताला मूळ नसतं. तो तुटलेला नसतो, आपलं काम संपवून सुटलेला असतो. तोवर त्याने मागून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवलेली असते. 'पडणारच आहेत, कशाला जपायचे?' असं मी अनेक घरांत ऐकलं आहे. कीड लागून दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत कलंडतात आणि पक्का दात वाकडा येतो.

सगळ्यांत दुर्लक्षित दात मात्र वेगळाच आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्याही मागे एक नवी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही, आणि लागला तरी ती दुधाचीच वाटते. ही पक्की दाढ आहे. तिच्यात चुना भरायला सुरुवात होते ती जन्माच्या वेळी, आणि ती पुरवायची असते जन्मभर. माथ्यावर खोल खाचा असल्यामुळे बिस्किटाचा लगदा तिथे अडकतो. खूपदा पक्क्या दातांत पहिली कीड हिलाच लागते.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो. सहा ते आठ या वयात मधले पटाशीचे दात बदलतात, दहा-अकराला उपदाढा येतात, वरचे सुळे अकरा-बाराला आणि दुसरी दाढ बारा-तेराला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दातांत फट दिसते, ती बहुधा सुळे आल्यावर आपोआप मिटते. तारेची घाई करू नका. अक्कलदाढ सतरा ते एकवीसच्या दरम्यान येते. काहींना ती कधीच येत नाही, त्यात उणं काही नाही.

आता एक काम करा. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला खिडकीच्या उजेडात बसवा, 'आ' करायला सांगा आणि मधल्या रेषेपासून मागे दात मोजा. पाचव्यापर्यंत दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले. सहावा दिसला तर तो पक्का. रोज रात्री त्याच्या माथ्यावर ब्रश स्वतः फिरवा, आणि खाचा काळ्या दिसल्या तर शाळेत तपासणीचं पथक येईल तेव्हा किंवा जवळच्या दंतवैद्याला दाखवा. खाचा वेळेवर बुजवून घेता येतात.