टॅपेट कव्हर गॅस्केट

टॅपेट कव्हर गॅस्केट हे अंतर्ज्वलन इंजिनाचे सिलिंडर हेड आणि त्यावरील झाकण यांच्यातील सांधा तेलबंद ठेवणारे लवचिक अस्तर आहे. गॅरेजच्या बोलीत त्यास 'टॅपेट पॅकिंग' किंवा 'हेड कव्हर पॅकिंग' असे म्हणतात. उष्णतेने व वयोमानाने ते कडक झाले की इंजिनातील वंगणतेल झिरपू लागते. हा भाग स्वस्त असून बहुतांश लहान पेट्रोल मोटारींत तो साध्या अवजारांनी घरच्या घरी बदलता येतो. मात्र गळतीचे मूळ कारण न शोधता किंवा बोल्ट अवाजवी जोराने आवळून केलेली दुरुस्ती टिकत नाही, आणि दुर्लक्षित गळती क्वचित प्रसंगी आगीसही कारण ठरते.

टॅपेट कव्हर गॅस्केट व हेड गॅस्केट हे दोन वेगळे भाग आहेत. हेड गॅस्केट सिलिंडर ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये असते व ज्वलनाचा प्रचंड दाब सहन करते. ते बदलण्यासाठी इंजिनाचा मोठा भाग उघडावा लागतो. टॅपेट कव्हरखाली दाब जवळजवळ नसतो. तेथे फक्त उडणारे तेल व त्याची वाफ अडवायची असते.

रचना व साहित्य

सिलिंडर हेडवर कॅमशाफ्ट, रॉकर आणि झडपांच्या स्प्रिंगा असतात. तेलपंपाने वर पाठवलेले तेल या भागांवर सतत पसरते आणि गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खालच्या तेलपात्रात उतरते. या सर्वांवरील झाकण म्हणजे टॅपेट कव्हर. झडपांचे अंतर जुळवण्यासाठी, म्हणजेच 'टॅपेट सेटिंग'साठी, ते उघडावे लागत असल्याने त्यास हे नाव रूढ झाले. झाकण पत्र्याचे, ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असते.

जुन्या इंजिनांत पत्र्याच्या झाकणाखाली कॉर्कचे सपाट गॅस्केट वापरले जाई. कॉर्क दाबला जातो, परंतु कालांतराने सुकून त्याचे तुकडे पडतात. आधुनिक इंजिनांत झाकणाच्या खाचेत बसणारे रबरी गॅस्केट असते. त्यासाठी नायट्राइल, ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन रबर वापरतात. साधे नायट्राइल रबर सुमारे १०० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत, ॲक्रिलिक सुमारे १५० अंशांपर्यंत, तर सिलिकॉन सुमारे २०० अंशांपर्यंत दीर्घकाळ तग धरते. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग झाकणाच्या मध्यातून खोल विहिरीसारख्या नळ्यांमध्ये बसवलेले असतात, तेथे प्रत्येक नळीभोवती स्वतंत्र रबरी कडेही असते.

गळतीची कारणे

रबर दीर्घकाळ उष्णतेत दाबून राहिले की त्याची मूळ आकारात परतण्याची क्षमता कमी होते. गॅस्केट चपटे व कडक होते आणि सांध्यातील सूक्ष्म फटी भरून काढू शकत नाही. हे गळतीचे सर्वसामान्य कारण होय.

दुसरे कारण दाबाशी निगडित आहे. पिस्टनच्या कड्यांजवळून थोडे ज्वलनवायू नेहमीच खाली इंजिनाच्या पोटात निसटतात. ते पुन्हा इंजिनाच्या प्रवेशनळीत ओढून घेण्यासाठी पीसीव्ही नावाची एकमार्गी झडप व श्वसननळी असते. ही झडप काजळीने चोंदली की आतील दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत सांध्यातून बाहेर पडते. अशा वेळी नवे गॅस्केटही थोड्याच काळात गळू लागते. म्हणून गॅस्केट बदलताना या झडपेची तपासणी आवश्यक मानली जाते.

पूर्वीच्या दुरुस्तीत अतिजोराने आवळल्याने वाकलेले झाकण, तडा गेलेले प्लॅस्टिक, खाचेत राहिलेले जुन्या गॅस्केटचे कण आणि नको तेथे लावलेले सिलिकॉन सीलंट ही उरलेली कारणे होत.

लक्षणे व परिणाम

झाकणाच्या कडेने तेलाची ओलसर रेघ व तीवर साचलेली धूळ हे पहिले लक्षण असते. तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडल्यास जळका वास येतो, बॉनेटखालून निळसर धूर निघतो आणि गाडी थांबलेली असताना तो वास वायुवीजनातून आत शिरतो. प्लगच्या विहिरीत तेल साचल्यास कॉइलचे रबर फुगते, ठिणगी भरकटते आणि इंजिन झटके देऊ लागते.

ही गळती पीयूसी तपासणीत दिसून येत नाही. त्या तपासणीत निष्कास नळीतून बाहेर पडणारा वायू वा धूर मोजला जातो, तर हे तेल इंजिनाच्या बाहेरच्या अंगावर जळते. त्यामुळे वैध पीयूसी प्रमाणपत्र म्हणजे इंजिन गळत नसल्याचा पुरावा नव्हे.

आगीचा धोका तुरळक असला तरी वास्तव आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने २०१५ मध्ये ३.८ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन असलेल्या सुमारे १४ लाख जुन्या मोटारी परत बोलावल्या. टॅपेट कव्हर गॅस्केटमधून झिरपलेले तेल तप्त एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून पेट घेत असल्याचे आढळले होते. यांपैकी अनेक मोटारींची याच दोषासाठी आधी एकदा दुरुस्ती झालेली होती. दुरुस्ती होईपर्यंत त्या बंदिस्त गॅरेजमध्ये उभ्या करू नयेत, अशी सूचना मालकांना देण्यात आली होती.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

या परिसराचा मोटारनिर्मितीशी जुना संबंध आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा मुख्य कारखाना कुर्ल्यास होता आणि दुसरा डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ मार्गावर होता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने ३०९ ही मोटार कल्याणच्या या कारखान्यात तयार होत असे. आज ठाण्याच्या एमएच-०४ आणि कल्याणच्या एमएच-०५ नोंदणीच्या मोटारींत लहान पेट्रोल व सीएनजी गाड्यांचे प्रमाण मोठे आहे.

घोडबंदर मार्ग, माजिवडा, शीळफाटा व कल्याण-शीळ मार्ग येथील वाहतूक वारंवार थांबत चालते. गाडी रेंगाळत असताना बॉनेटखालून वाहणारी हवा कमी पडते, वरच्या भागाचे तापमान वाढते आणि रबर लवकर कडक होते. त्यामुळे अशा वापरात केवळ किलोमीटरचा आकडा पाहून गॅस्केटचे वय ठरवता येत नाही; इंजिन चालू राहिल्याचे तासही विचारात घ्यावे लागतात. गळक्या गाडीतील जळका वासही याच कोंडीत अधिक जाणवतो.

गाड्या बहुधा इमारतीखालील वा पोडियमवरील सामाईक वाहनतळात उभ्या असतात. तेथे फरशीवर पडलेले डाग गळतीची सूचना देतात, पण पावसाळ्यात तेच तेल ओल्या फरशीवर निसरडे ठरते. अनेक गृहनिर्माण संस्था वाहनतळात दुरुस्ती करू देत नाहीत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेणे इष्ट असते.

निदान

तेल खाली उतरते आणि वाऱ्याने मागे सरकते, त्यामुळे डाग दिसतो तेथेच उगम असेल असे नाही. वरून आलेले तेल पाहून हेड गॅस्केट किंवा मागील ऑइल सील बदलण्याचा महागडा निर्णय घेतला जाण्याची शक्यता असते. योग्य पद्धतीत इंजिन थंड असताना बाहेरून पुसून कोरडे करतात, दोन-तीन दिवस नेहमीप्रमाणे गाडी वापरतात आणि मग सर्वांत वरची ओली जागा शोधतात. तेल भरण्याच्या टोपणाचे रबर व तेलदाबाचा स्विच या शेजारच्या जागाही तपासल्या जातात.

बदलण्याची पद्धत

गाडीच्या नेमक्या इंजिनासाठीचे गॅस्केट, प्लगनळ्यांची रबरी कडी आणि बोल्टखालील रबरी वायसर हे सर्व एकाच वेळी बदलतात. झाकण तेलाच्या पातळीपेक्षा बरेच वर असल्याने इंजिनातील तेल काढावे लागत नाही. स्कूटरच्या आडव्या इंजिनात मात्र थोडे तेल सांडते, म्हणून खाली भांडे ठेवतात.

इंजिन काही तास पूर्ण थंड होऊ देतात आणि बॅटरीचे ऋण टोक सुटे करतात. आड येणारी एअर फिल्टरची पेटी, श्वसननळी, कॉइल व तारा क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून काढतात. जुन्या प्लॅस्टिक कनेक्टरचे कुलूप ठिसूळ झालेले असते, म्हणून ते खेचून न काढता कळ दाबून सोडवतात. कचरा सिलिंडरमध्ये पडू नये यासाठी स्पार्क प्लग जागेवरच ठेवतात.

झाकणाचे बोल्ट बाहेरून मध्याकडे थोडेथोडे सैल करतात. त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवतात. झाकण चिकटलेले असल्यास रबरी हातोडीने कडेवर हलके ठोकतात. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्यास ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि त्यातूनच पुढे गळती होते.

कामाचा निर्णायक टप्पा स्वच्छतेचा आहे. जुने गॅस्केट व सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, खाच आणि हेडची कड धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण तेलविरहित करतात. खरवडलेले कण आत पडू न देणे महत्त्वाचे असते. या कामी पेट्रोल वापरण्याची सवय बंदिस्त वाहनतळात धोकादायक आहे. उघड्या हवेत ब्रेक क्लीनर वापरणे अधिक योग्य. झाकण उलटे करून सरळ पट्टी लावल्यास ते वाकले आहे का, हे कळते. झाकण उघडेच असल्याने झडपांचे अंतरही याच वेळी तपासता येते.

रबरी गॅस्केट खाचेत कोरडेच बसवतात. सीलंट फक्त उत्पादकाने सांगितलेल्या ठिकाणी, म्हणजे अर्धचंद्राकृती कोपरे किंवा टायमिंग चेनचे आवरण हेडला मिळते त्या जोडावर, थेंबभर लावतात. जास्तीचे सीलंट आत निसटून तेलपंपाच्या जाळीत अडकू शकते. हे सीलंट हवेतील बाष्पामुळे घट्ट होते. कोकणच्या पावसाळी दमट हवेत त्यावर लवकर साय धरते, म्हणून ते लावल्यावर विलंब न करता झाकण सरळ वरून ठेवतात, सरकवत नेत नाहीत.

सर्व बोल्ट आधी हाताने बसवतात, मग मध्यापासून बाहेर, समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. लहान पेट्रोल इंजिनांत हा पीळ साधारणपणे ८ ते १२ न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घेतात. १० न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो भार. एवढा पीळ हाताला अपुरा वाटतो आणि तेथेच चूक होते. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. उलट पत्रा वाकतो, रबर चिरडते किंवा हेडमधील आटे निघतात. आटे दुरुस्त करण्याचा खर्च गॅस्केटच्या किमतीच्या कित्येक पट होतो. म्हणून टॉर्क पाना हे या कामातील सर्वांत उपयुक्त अवजार ठरते.

सीलंटच्या वेष्टनावर दिलेला वेळ पाळून इंजिन सुरू करतात, मंद गतीवर कडा पाहतात आणि तेलाची पातळी तपासतात. सुमारे १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहणी करतात. सुरुवातीस येणारा थोडा धूर मॅनिफोल्डवर पूर्वी सांडलेल्या तेलाचा असतो व तो लवकर थांबतो.

घरी न करण्याजोगी कामे

कॉमन रेल डिझेल इंजिनांत टॅपेट कव्हरवरून अतिउच्च दाबाच्या इंधननळ्या जातात. त्या घरी सोडवणे धोकादायक आहे. सीएनजी गाडीत गॅसच्या टाकीचा दाब सुमारे २०० बार असतो, म्हणून कव्हर काढताना गॅसची नळी किंवा रेग्युलेटर सुटे करावे लागत असल्यास ते काम अधिकृत केंद्राकडे सोपवतात. काही इंजिनांत झाकणातच कॅमशाफ्टचे आधार असतात. तेथेही प्रशिक्षित कारागिराची गरज असते.

वापरलेले तेल व पर्यावरण

या कामात निघणारे तेल थोडे असले तरी वापरलेले इंजिन तेल केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतल्यास कल्याण-डोंबिवलीतून उल्हास खाडीकडे आणि ठाण्यातून ठाणे खाडीकडे जाते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणून वापरलेले तेल झाकणबंद डब्यात भरून, वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस केंद्रावर सोपवतात आणि तेलकट चिंध्या सुक्या कचऱ्यात मिसळत नाहीत.