गोधडी कोणाची?



अमेरिकेतील लहान गावांच्या संग्रहालयांत कधी कधी दोन प्रदर्शने शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एका दालनात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे क्विल्ट, दुसऱ्यात परीक्षकांनी निवडलेली स्थानिक कलावंतांची कामे. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीचे भावंड: वर तुकडे जोडून केलेले कापड, मध्ये कापूस किंवा लोकर, खाली अस्तर आणि तिन्ही थरांतून आरपार जाणारा टाका.

या दोन दालनांतील एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. परीक्षकांपुढे काम येते तेव्हा बहुधा करणाऱ्याचे नाव झाकलेले असते. टाके सारखे आहेत का, कोपरे जुळतात का, रंग कसे बसले आहेत, एवढेच त्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू. निकाल लागला की नाव उघड होते. जुन्या क्विल्टखाली मात्र पुष्कळदा ‘कर्ती अज्ञात’ एवढेच लिहिलेले आढळते. ते नाव कोणी झाकलेले नसते. वेळेवर कोणी विचारलेले नसते.

विचारले तर काय हाती लागते, याचे उदाहरण हॅरिएट पॉवर्स यांचे. १८३७ मध्ये जॉर्जिया राज्यात अथेन्स गावाजवळ गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंनी १८८६ मध्ये तेथील कापसाच्या प्रदर्शनात एक क्विल्ट मांडला. ११ चौकटी, कापडातून कातरून शिवलेल्या आकृत्या, विषय बायबलमधील कथांचे. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने तो विकत मागितला. पॉवर्सबाईंनी नाही म्हटले. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा त्यांनी १० डॉलर मागितले, हातात ५ पडले. देताना त्यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला. विकल्यावरही पॉवर्सबाई आपला क्विल्ट पाहायला पुन्हा पुन्हा जात. आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे.

त्यांचा दुसरा क्विल्ट बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. त्याच्या १५ चौकटींत १७८० मधला भर दिवसा अंधारून आलेला दिवस आहे, १८३३ मधील उल्कावर्षावही आहे. दोन्ही घटना त्यांच्या जन्माआधीच्या, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या. त्यांनी सांगितलेले वर्णन टिकले, म्हणून आपल्याला त्या आकृत्या वाचता येतात. पॉवर्सबाई निरक्षर होत्या, असेही बरीच वर्षे मानले जाई. पुढे त्यांच्या १८९६ मधील पत्राची नक्कल उजेडात आली आणि त्या लिहू-वाचू शकत, त्यांनी आणखीही क्विल्ट केले होते, हे कळले. एका कागदाने हा गैरसमज दूर केला.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने सुमारे ६० क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. घरगुती पांघरुणाला कलेचा मान मिळाला, पण नजर राहिली ती रंग आणि आकारांवर. त्यांतले बहुतेक क्विल्ट कोणी केले ते प्रेक्षकाला कळले नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनला, आणि त्याच वर्षी व्हिटनीमध्ये, अलाबामा राज्यातील जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले क्विल्ट मांडले गेले, ते मात्र करणाऱ्या बायकांच्या नावांसह. त्यांत मिसूरी पेटवे यांचा १९४२ चा एक क्विल्ट होता. पतीच्या निधनानंतर त्यांनी तो त्याच्या कामाच्या कपड्यांतून शिवला होता. ही हकीकत त्यांच्या मुलीने सांगितली. ती माहीत नसेल तर आपण विटलेल्या पट्ट्यांची मांडणी पाहून पुढे जाऊ.

आता घराजवळ या. बेळगाव-गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांच्यातील अनेकांचे आफ्रिकी पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. या समाजातील बायका ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांना घडीचे कापडी ‘फूल’ लावतात. त्यावाचून कवंदी पुरी होत नाही. आपल्या वाकळेत, गोधडीतही हाच धावदोरा आणि हीच जुन्या लुगड्यांची घडी.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे राहिली. घर बदलले, दप्तरे वाळवीने खाल्ली, तरी ट्रंकेच्या तळाशी एखादी गोधडी असते. आजीच्या नऊवारीचा काठ त्यात असतो. तो कोणाचा, कोणत्या लग्नातला, हे सांगणारी एखादीच वृद्ध मावशी वा आत्या उरलेली असते.

म्हणून एक साधे काम करा. मांजरपाटाची वीतभर पट्टी घ्या, तिच्यावर दोऱ्याने करणारीचे नाव, गाव आणि साल भरा आणि ती गोधडीच्या मागच्या बाजूला शिवून टाका. सालाची खात्री नसेल तर नुसते नाव आणि गाव पुरे. लुगडे कोणाचे ते एका कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. आपल्या मंडळांच्या प्रदर्शनांतही निवड करताना नावे खुशाल झाकावीत. मांडताना मात्र प्रत्येक वस्तूखाली करणारीचे पूर्ण नाव लिहावे. ‘अमुक यांच्या संग्रहातून’ एवढ्याने भागत नाही. संग्रह ज्यांचा, त्यांनी ती गोधडी सांभाळली. शिवली कोणी, ते आजच विचारून ठेवा.