गाडी जाते की लायसन्स?

पालघर जिल्ह्यातल्या कुंभवलीत तारापूर एमआयडीसीची पाळी सुटली की टँकर, कंटेनर, कंपन्यांच्या बस, रिक्षा आणि दुचाकी एकाच रस्त्यावर येतात. लांबचा वळसा वाचवायला उलट्या बाजूनं घुसणारेही असतात. पुढे वाहतूक पोलीस दिसला की एकजण म्हणतो, "गेली आता गाडी!" दुसरा म्हणतो, "गाडीला हात लावायचा अधिकारच नाही त्यांना." दोघंही अर्धेच बरोबर आहेत.

गैरसमज : धोकादायक चालवली की गाडी जप्त.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८४ धोकादायक चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, उलट्या दिशेनं येणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, चालवताना हातात मोबाइल धरणं ही कृत्यं त्यात नावानिशी आली. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार मात्र कलम २०७ मध्ये आहे आणि त्या यादीत १८४ नाही. तिथं आहेत लायसन्स नसणं, चालकाचं वय कमी असणं, गाडीची नोंदणी नसणं, परमिट नसणं किंवा परमिटच्या काही अटी मोडणं.

म्हणजे उलट्या बाजूनं आलेल्याकडे लायसन्स नसेल, तर गाडी ठाण्यात जाऊ शकते. पण ती लायसन्सपायी जाते, उलट दिशेपायी नव्हे. तिथंही गाडीऐवजी आरसी बुक ताब्यात घेऊन पोच देण्याची मुभा पोलिसांना आहे.

बेफाम चालवली म्हणून थेट गाडीच उचलणारे कायदे जगात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात पोलीस ३० दिवस गाडी अडकवतात, कॅनडातल्या ऑन्टारिओत स्टंट करणाऱ्याची गाडी १४ दिवस जाते. आपल्या कायद्यानं तसं केलेलं नाही.

गैरसमज : मग काय, पावती फाडली की सुटका.

वस्तुस्थिती : खरा फटका इथंच बसतो. कलम २०६(४) नुसार अतिवेग, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, एवढंच काय, दुचाकीवर तिघं बसणं किंवा हेल्मेट नसणं, अशा गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवायचं असतं. तिथं चालकाचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी त्याला अपात्र ठरवता येतं आणि पुन्हा तसंच घडलं तर लायसन्स रद्द करता येतं. शिवाय कलम १८४ मधला फक्त मोबाइलचा गुन्हा जागेवर तडजोडीनं मिटतो, बाकीच्यांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

धोकादायक किंवा दारू पिऊन चालवणं गणवेशातल्या पोलिसासमोर घडलं, तर कलम २०२ खाली विनावॉरंट अटकही होते. अटक झाल्यावर रस्त्यात उभ्या गाडीची तात्पुरती व्यवस्था पोलिसांनीच लावायची असते; पुष्कळांना तीच जप्ती वाटते. सोबत लायसन्स असलेला, न प्यायलेला माणूस असेल तर गाडी त्याच्याकडे द्यावी, असं तेलंगण उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं.

गैरसमज : अपघातानंतर गाडी नेली म्हणजे चालक दोषी ठरला.

वस्तुस्थिती : तेव्हा गाडी पुरावा असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस गुन्ह्याशी संबंधित वस्तू ताब्यात घेतात. याच पालघर जिल्ह्यात, ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. गाडी तपासायला ती बनवणाऱ्या कंपनीचे तज्ज्ञ हाँगकाँगहून आले. धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला आणि ताशी १०० चा वेग ८९ वर आला, असं कंपनीनं कळवलं. चालकावर कासा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला तो नोव्हेंबरमध्ये. आधी गाडी बोलली, मग गुन्हा दाखल झाला.

गैरसमज : पोरगं लहान आहे, समज देऊन सोडतील.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या गाडीची नोंदणीसुद्धा पूर्ण नव्हती. १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं.

गैरसमज : ठाण्यात गेलेली गाडी खटला संपेपर्यंत तिथंच सडते.

वस्तुस्थिती : कलम २०७ खाली अडकलेली गाडी कागदपत्रं दाखवून परिवहन अधिकाऱ्यांकडून सोडवता येते. गुन्ह्यातली गाडी कोर्टाकडून मिळते. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन गाडी लवकर परत द्यावी, ठाण्याच्या आवारात महिनोन्‌महिने ठेवू नये. अपवाद विमा नसलेल्या गाडीचा. तिच्यामुळे अपघात झाला असेल, तर भरपाईची हमी घेतल्याशिवाय ती सोडू नये असा नियम करण्याचे आदेश याच न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यांना दिले.

तेव्हा गाडी अडवली गेली तर हुज्जत घालू नका. कोणत्या कलमाखाली नेताय ते विचारा आणि लेखी पोच घ्या. गाडी सोडवायला परिवहन कार्यालयात जायचं की कोर्टात, हे त्या कलमावरूनच ठरतं.