सुश्रुताचें नासासंधान आणि पुण्याचा वीटकरी

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत, म्हणजे शके १७१६ त, लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' या मासिकांत 'बी. एल.' एवढ्याच आद्याक्षरांची सही असलेलें एक पत्र छापून आलें. पत्राबरोबर एका मनुष्याच्या चेहऱ्याचें चित्र होतें. हा मनुष्य इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा होता; १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडून त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला; वर्षाहून अधिक काळ तो नाकावांचून राहिला; आणि पुढें पुण्याजवळ एका वीटकऱ्यानें त्यास नवें नाक करून दिलें, असा त्या पत्राचा मजकूर आहे. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज वैद्य ही क्रिया पाहण्यास हजर होते. त्या वेळीं पुण्यास असलेला चित्रकार जेम्स वेल्स यानें या मनुष्याचें चित्रहि काढिलें.

या पत्राचा उल्लेख केल्यावांचून आपल्याकडील शल्यतंत्राच्या इतिहासावरील व्याख्यान सहसा पुरें होत नाहीं. त्याला जोडून दुसरें वाक्य येतें तें असें, कीं पुण्यास जें झालें तेंच सुश्रुतानें सांगून ठेविलें होतें. या दुसऱ्या वाक्यास पोथ्यांचा आधार किती, हें पाहण्याचा येथें हेतु आहे. तसें पाहण्यास आमचें एक खाजगी कारणहि आहे. तें यथाक्रम येईल.

प्रथम पत्रांतील क्रिया नीट ध्यानांत घेतली पाहिजे. राहिलेल्या नाकाच्या बुडख्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्यास नाकाचा आकार देत. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेनें रेघ ओढीत. मग त्या रेघेच्या आंतली कातडी सोडवून घेत. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध एक लहानशी पट्टी न कापतां ठेवीत. नवी जागा धरीपर्यंत कातडीस रक्त पोंचावें तें या पट्टीवाटें. जुन्या जखमेचा वण तासून ताजा करीत, वरच्या ओंठालगत व नाकपुड्यांच्या जागीं चीर घेत, आणि कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणून तिची कड त्या चिरेंत बसवीत. पाण्यांत कालविलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पांच-सहा पट्ट्या एकीवर एक चढवीत. चार दिवस दुसरा उपचार नाहीं. नंतर तुपांत भिजविलेलें कापड. रोग्यानें पांच-सहा दिवस उताणें निजावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या बुजूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती दुव्याची पट्टी कापून टाकीत.

पट्टी राखून ठेवण्यांत सारें मर्म आहे. भ्रूमध्याजवळून कपाळावर चढणारी रक्तवाहिनी त्या पट्टींतून जाते, हें आज शारीराचा विद्यार्थीहि सांगेल. ज्या कारागिरास हें कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें, त्यानें तें बरोबर राखिलें. आजहि शल्यतंत्राच्या ग्रंथांत कपाळाच्या कातडीनें नाक करण्याच्या या रीतीस 'भारतीय पद्धति' म्हणतात.

पत्रांतील नांवांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. रोग्याचें नांव इंग्रजीत 'कावसजी' असें दिलें आहे, आणि त्याच वाक्यांत तो शेतकरी जातीचा मराठा म्हटला आहे. हें नांव पारशी वळणाचें. मूळ मराठी नांवाचें इंग्रजी कानानें असें रूप केलें असावें, असें आम्हांस वाटतें. हजर असलेल्या वैद्यांपैकीं फिंडले याचें नांवहि तेथें 'ट्रिंडले' असें चुकून छापलें आहे. तेव्हां या पत्रांतील विशेषनामांवर फार भार घालूं नये. 'वीटकरी जात' या शब्दांनीं पत्रकर्त्यास कुंभारच अभिप्रेत असावा. आपल्याकडे विटा पाडण्याचें कामहि पुष्कळ ठिकाणीं कुंभारच करीत.

आतां संहितेकडे वळूं. सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कर्णव्यधबंधविधीचा आहे. लहान मुलांचे कान कसे टोंचावेत, टोंचतां चुकल्यास काय होतें, आणि फाटलेली कानाची पाळी पंधरा प्रकारांनीं कशी सांधावी, यावर या अध्यायाचा बहुतेक भाग खर्चीं पडला आहे. नाकाचें प्रकरण शेवटीं चार-पांच श्लोकांत आटोपलें आहे. नाकाच्या मापाचें झाडाचें पान घ्यावें. त्या मापानें गालाच्या बाजूची त्वचा कापावी. नाकाचें टोंक खरडून ताजें करावें व ती त्वचा त्वरेनें तेथें बांधावी. आंत दोन नळ्या ठेवाव्यात. पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचें चूर्ण वर भुरभुरावें. पांढऱ्या कापसानें झांकून तिळाच्या तेलाचें सिंचन वारंवार करावें. रोग्यास तूप पाजावें व विरेचन द्यावें. मांस कमी पडल्यास वाढवावें, अधिक झाल्यास छाटावें. एवढाच विधि.

येथें त्वचा सांगितली आहे ती गालाची. मूळ शब्द 'गण्ड' आहे. कपाळाचें नांव या श्लोकांत कोठेंहि नाहीं. कापलेली त्वचा एका बाजूनें अंगास लागून ठेवावयाची कीं सर्वस्वीं सोडवावयाची, हेंहि छापील पाठावरून निःसंशय ठरत नाहीं. 'बद्ध' या एका पदावर तो अर्थ लोंबकळतो, आणि तें पद 'बांधलेलें' व 'जोडून असलेलें' असें दोन्ही प्रकारें लावितां येतें. वाग्भटानें मात्र ही संदिग्धता राहूं दिली नाहीं. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत अठराव्या अध्यायांत तो हाच विधि सांगतो. नाकाजवळची त्वचा व मांस राखून ठेवावें असें स्पष्ट म्हणतो. आणि गालावर झालेली जखम सुईनें शिवावयास सांगतो. वाग्भटाचा शब्द 'कपोल' आहे.

आमचें खाजगी कारण या शब्दांत आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, आम्हीं 'प्राचीन भारतांतील शल्यविद्या' या विषयावर एक व्याख्यान दिलें व पुढें त्याची पुस्तिका छापिली. वाग्भटाच्या श्लोकांचा मराठी अर्थ टांचणांत उतरतांना आमच्या हातून 'कपोल' याच्या जागीं 'कपाळ' उतरलें. मनांत पुण्याचें पत्र घोळत होतें; डोळ्यांनीं जें पाहिलें तें हातानें लिहिलें नाहीं. मग त्या टांचणाच्या जोरावर सुश्रुतहि कपाळाचीच कातडी सांगतो, असें आम्हीं ठोकून दिलें. मूळ सुश्रुत त्या वेळीं उघडून पाहिला नाहीं. कांहीं वर्षांनीं वर्गांत ती पुस्तिका वाचून दाखवीत असतां एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, "सर, कपोल म्हणजे गाल ना?" अमरकोश आम्हींच तिजकडून पाठ करून घेतला होता. घरीं जाऊन दोन्ही संहिता काढिल्या तेव्हां आमच्या प्रमादाची पूर्ण व्याप्ति कळली. पोथ्यांच्या लेखकांस अशाच चुकांबद्दल आम्ही वर्षानुवर्षें हंसत आलों होतों.

तेव्हांपासून छापील पाठांच्याहि मागें जाऊन पाहण्याची संवय आम्हीं लावून घेतली. सुश्रुत प्रथम छापिला तो कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं, १८३५-३६ सालीं. हेस्लर याचें लॅटिन भाषांतर १८४४ पासून निघूं लागलें, आणि कुंजलाल भिषग्रत्न यांचें इंग्रजी १९०७ ते १९१६ या काळांत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं डल्हणाच्या निबंधसंग्रहासह १९१५, १९३१ व १९३८ सालीं ज्या आवृत्त्या काढिल्या, त्याच आपल्याकडे प्रमाण मानल्या गेल्या. परंतु डल्हण साधारण बाराव्या शतकांतला. त्याच्यापूर्वींचा पाठ कसा होता हें नेपाळांतील ताडपत्रांवरून कळतें. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत असलेली एक पोथी इ. स. ८७८ ची आहे. म्हणजे डल्हणाहून सुमारें अडीचशें-तीनशें वर्षांनीं जुनी. युनेस्कोनें २०१३ सालीं तिची जागतिक स्मृतीच्या नोंदवहींत नोंद केली. या नेपाळी पोथ्यांच्या आधारें सूत्रस्थानाचा हाच सोळावा अध्याय डॉमिनिक वूजास्टिक व त्यांचे सहकारी यांनीं २०२३ सालीं संपादून व भाषांतरून प्रसिद्ध केला आहे.

या जुन्या पाठांत कांहीं भेद मोठे आहेत. छापील ग्रंथांत अध्यायांच्या आरंभीं 'भगवान् धन्वंतरींनीं जसें सांगितलें' अशा अर्थाचें जें वाक्य येतें, तें नेपाळी पोथ्यांत नाहीं. म्हणजे ग्रंथास देवप्रोक्त ठरविणारी ही शिक्का-मोर्तब मागाहूनची आहे. नाकाची त्वचा मात्र या जुन्या पाठांतहि गालाचीच. तेव्हां कोणी लेखकानें मध्येंच कपाळाचा गाल केला असेल, ही पळवाट आम्हांस उरली नाहीं. शोधलीं होतीं आम्हीं अशा पळवाटा, हें कबूल केलें पाहिजे.

मग पुण्याच्या कारागिराची विद्या आली कोठून? येथें दुसरा एक साक्षीदार उपयोगी पडतो. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी मोगल दरबारीं बरीच वर्षें होता. औरंगजेबाच्या विजापूरच्या स्वारीच्या प्रसंगीं ज्यांचीं नाकें कापलीं गेलीं, त्यांच्या भुंवयांवरील कपाळाची कातडी सोडवून, खालीं पाडून व पीळ देऊन त्या देशचे शस्त्रवैद्य नवें नाक बसवीत, असें तो लिहितो. विजापूर १६८६ सालीं पडलें. म्हणजे पुण्याच्या क्रियेच्या शंभर वर्षें आधीं दक्षिणेंत हीच कपाळाची, पिळाची रीत चालू होती. आणि दोन्ही ठिकाणीं ती संहितेच्या रीतीहून एकाच प्रकारें वेगळी आहे. यावरून आम्ही असें समजतों, कीं ही विद्या एका हातानें दुसऱ्या हातास दिलेली होती. तिचें मूळ कधीं काळीं वैद्यांच्या शाळेंत असेलहि. पण गालावरून ती कपाळावर कधीं व कोणी नेली, याचा लेख सुश्रुताच्या किंवा वाग्भटाच्या संहितेंत नाहीं.

युरोपांतहि ही विद्या गेली ती याच हातांची. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें त्या पत्रावरून व हिंदुस्थानांतून परत आलेल्या इंग्रजांस विचारून १८१४ सालीं ही शस्त्रक्रिया केली, आणि १८१६ त दोन रोग्यांची हकीकत छापिली. त्या वेळीं सुश्रुत छापलेलाच नव्हता. तो निघावयास अजून जवळजवळ वीस वर्षें होतीं. युरोपानें नासासंधान सुश्रुतापासून घेतलें, असें म्हणणाऱ्यांनीं या दोन सनांचा मेळ घालून दाखवावा. घेतलें तें पुण्याच्या वीटकऱ्यापासून, आणि त्याचें नांव पत्रकर्त्यानें विचारून ठेविलें नाहीं. रोग्याचें नांव आहे, साहेबांचीं नांवें आहेत, चित्रकाराचें आहे. ज्यानें नाक केलें त्याची फक्त जात लिहिली आहे.

सुश्रुताचें महत्त्व यानें कमी होतें असें कोणास वाटल्यास तो आमचा अभिप्राय नव्हे. गालाची त्वचा घेऊन नाक सांधणें हीहि आजच्या शल्यतंत्रास मान्य असलेली रीत आहे, आणि ती लिहून ठेवणारा इतका जुना ग्रंथ दुसरीकडे दाखवितां येणार नाहीं. पण त्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. मोडीचे जाणकार जे तरुण अभ्यासक पेशवाईचीं कागदपत्रें वाचीत असतात, त्यांनीं जमाखर्चांत 'नाक बसविणें' अशा अर्थाची बाब किंवा अशा कामाबद्दल कोणा कुंभारास दिलेलें इनाम दिसल्यास तें टिपून ठेवावें, एवढी विनंति आहे.

आमच्या पुस्तिकेच्या प्रती कोठें कोठें गेल्या तें आतां सांगतां येणार नाहीं. शाळेच्या ग्रंथालयांत दोन होत्या. मागच्या महिन्यांत जाऊन आम्हीं त्या दोहोंतहि 'कपाळ' खोडून 'गाल' लिहिलें, आणि समासांत तारीख घातली.